धावणाऱ्यांच्या नडगीचे दुखणे

वार्षिक अहवालात विभागवार कार्याचा आढावा दिल्यानंतर एखाद्या व्याधीविषयी सविस्तर माहिती द्यावी, अशी आपल्या रुग्णालयाची प्रथा आहे. मधुमेह, मोतीबिंदू, क्षय, बालकांचे कुपोषण अशा विषयांवर यापूर्वी लिहून झाले. यंदा अस्थिरोग आणि भौतिकोपचार या दोन विभागांनी मिळून धावण्याने हाडाला होणाऱ्या दुखापतीचा विषय सुचविला, तेव्हा विश्वस्त मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी रास्त शंका काढली. हौसेने धावणाऱ्यांच्या दुखण्यासाठी धर्मादाय रुग्णालयाने अहवालाची पाने का खर्चावीत, असे त्यांनी विचारले. त्यांच्या शंकेचे उत्तर लेखाच्या ओघात येईल. तूर्त एवढेच नमूद करतो की, ज्या रुग्णामुळे हा विषय आम्हाला लिहावासा वाटला, त्यांच्या बाबतीत पहिली चूक आमच्याकडूनच झाली होती.

आपल्या रुग्णालयाच्या गच्चीवरून यवतेश्वराचा डोंगर दिसतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत पहाटे त्या घाटात धावताना दिसणारा मनुष्य एक तर तालमीतला पैलवान असे, नाही तर फौजेत जाऊ इच्छिणारा तरुण. आता तसे राहिलेले नाही. पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून मॅरेथॉन शर्यती होत आहेत. साताऱ्यात २०१२ साली हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि त्याच वाटेने उतरून परत यायचे, असे हे एकवीस किलोमीटर आहेत. या शर्यतीने गावातील बँक कर्मचारी, शिक्षक, दुकानदार, गृहिणी अशा असंख्य माणसांना पहाटे रस्त्यावर आणले. हे फार चांगले झाले. परंतु त्याबरोबर आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक नवे दुखणेही आले आणि ते ओळखण्याची पुरेशी सवय आम्हाला नव्हती.

ज्यांच्याविषयी हे लिहीत आहोत त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या अनुमतीने, नाव व गाव वगळून, ही हकिकत देत आहोत. शाळेत आणि आमच्या विभागातही सर्वजण त्यांना बाई म्हणतात, म्हणून येथेही तसेच लिहितो. २०२१ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांच्या रक्तातील साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. त्यांचे वडील मधुमेहाने पाय गमावून बसले होते, त्यामुळे बाईंनी हा इशारा गांभीर्याने घेतला. आधी चालणे सुरू केले. पुढे दोन विजेच्या खांबांमधील अंतर धावायचे आणि पुढच्या दोन खांबांपर्यंत चालायचे, असा क्रम त्यांनी स्वतःच बसविला. कोणी प्रशिक्षक नव्हता. दोन वर्षांत साखर आटोक्यात आली, वजन नऊ किलोंनी उतरले आणि २०२३ च्या पावसाळ्याअखेरीस त्यांनी साताऱ्याची अर्धमॅरेथॉन पूर्ण केली.

येथपर्यंत सर्व उत्तम होते. त्यानंतर आला उत्साह. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईला पूर्ण मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर आणि एकशे पंच्याण्णव मीटर धावायचे असे बाईंनी ठरविले. आठवड्याला पंचवीस किलोमीटर धावणाऱ्या बाई पाच आठवड्यांत पंचावन्न किलोमीटरवर गेल्या. त्यातच नवरात्र आले. नऊ दिवसांचा उपवास आणि पहाटेचे धावणे, दोन्ही त्यांनी निष्ठेने केले. दिवाळीच्या सुटीत उजव्या नडगीच्या आतल्या बाजूस दुखू लागले. सुरुवातीस धावून आल्यावर दुखे, मग धावताना, मग शाळेच्या जिन्यावरही.

दुखणे सुरू होऊन दहा दिवस झाल्यावर त्या आमच्याकडे आल्या. तो सोमवार होता आणि सोमवारी अस्थिरोग विभागात बाकांवर जागा नसते. क्ष-किरण चित्र काढले, ते निर्दोष निघाले. त्या दिवशीच्या केसपेपरवर 'नडगीचा स्नायूताण, हाड ठीक' अशी नोंद आहे. वेदनाशामक गोळ्या आणि आठवडाभर विश्रांती असा सल्ला दिला गेला. बाईंनी सल्ला अक्षरशः पाळला. आठवडाभर थांबल्या आणि आठव्या दिवशी, गोळी घेऊन, चोवीस किलोमीटर धावल्या. हाड ठीक आहे असे रुग्णालयानेच सांगितले असताना त्यांनी थांबावे तरी का?

डिसेंबरच्या मध्यास त्या पुन्हा आल्या तेव्हा लंगडत होत्या आणि रात्री ठणक्याने जाग येत असल्याचे सांगत होत्या. या वेळी एम.आर.आय. करण्यात आला. नडगीच्या हाडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, आतल्या कडेला, 'स्ट्रेस फ्रॅक्चर' होते. या दुखापतीच्या चार श्रेणी १९९५ मध्ये ठरविण्यात आल्या. त्यांपैकी ही तिसरी होती.

हाड कसे थकते

हाड मोडणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पडणे, आपटणे, अपघात येतो. स्ट्रेस फ्रॅक्चरमध्ये असा एक आघात नसतो, अनेक लहान भारांची बेरीज असते. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार येतो. पाऊल सरासरी एक मीटरचे धरले, तर मॅरेथॉनमध्ये एकेका पायावर एकवीस हजार वेळा तो भार पडतो. त्याखेरीज पोटरीचे स्नायू हाडाला जे ओढतात, तो भार वेगळाच.

एकवीस हजारांच्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण हाड म्हणजे दगड नव्हे. ती जिवंत, सतत दुरुस्त होणारी वस्तू आहे. हाडावर जसा भार पडेल तशी त्याची रचना बदलते, हे बर्लिनचे शल्यविशारद यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली सविस्तर मांडले. हा बदल कसा होतो हे समजले की पुढचे सर्व समजते. जुन्या वाड्याची भिंत दुरुस्त करताना गवंडी आधी भेगाळलेला गिलावा खरवडून काढतो आणि मग नवा भरतो. हाडातही दोन प्रकारच्या पेशी हेच करतात. एक प्रकार थकलेले, सूक्ष्म भेगा पडलेले हाड विरघळवून काढतो, दुसरा त्या पोकळीत नवे हाड घालतो. खरवडण्याचे काम सुमारे तीन आठवड्यांत उरकते. भरण्याचे काम मात्र सुमारे तीन महिने चालते.

सर्व अनर्थ या दोन मुदतींमधील फरकात आहे. धावणे एकाएकी वाढविले की खरवडणे जोरात सुरू होते आणि पहिले काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा बळकट नव्हे, तर कमकुवत असते. गिलावा काढलेल्या भिंतीसारखी त्याची अवस्था असते. त्याच आठवड्यांत धावणाऱ्याला मात्र आपण कधी नव्हे इतके तंदुरुस्त झालो आहोत असे वाटत असते, कारण हृदय, फुप्फुसे आणि स्नायू त्यामानाने लवकर सुधारतात. दम वाढतो, पाय हलके वाटतात, हाड मागे राहते. बाईंना ऑक्टोबरअखेरीस 'आता कितीही धावता येईल' असे वाटत होते. त्यांचे म्हणणे दमापुरते खरे होते.

या दुखापतीचा शोध धावपटूंमुळे लागलेला नाही. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्याने लांबच लांब कवायत करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचे वर्णन केले. हाड तपासण्याचे साधन नसल्याने तो त्यास मऊ भागांचा दाह समजला. राँटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि दोनच वर्षांनी, १८९७ मध्ये, श्टेशो याने त्या सैनिकी पावलांतील हाडांच्या भेगा चित्रात दाखविल्या. पहिले रुग्ण सैनिक होते, ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

आमचे कोठे चुकले

क्ष-किरण चित्राने हे दुखणे उजेडात आणले खरे, परंतु सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ते चित्र बहुधा निर्दोषच दिसते. भेग केसाहून बारीक असते. ती भरून येताना हाडावर जी नवी साय धरते, ती चित्रात दिसते, आणि ती धरायलाच आठवडे लागतात. एम.आर.आय.मध्ये मात्र हाडाच्या आतील मगजातील सूज पहिल्यापासून दिसते. तेव्हा दहाव्या दिवशीच्या क्ष-किरण चित्रावरून आम्ही 'हाड ठीक' असे लिहिले, तो चित्राचा दोष नव्हता. चित्राला जे सांगता येत नाही ते आम्ही त्याच्या तोंडी घातले.

त्याहून खेदाची बाब अशी की, एम.आर.आय. नसतानाही संशय घेता आला असता. धावणाऱ्यांच्या नडगीत दोन दुखणी प्रामुख्याने येतात. एकात हाडाच्या आतल्या कडेने पाच सेंटिमीटर वा अधिक लांबीच्या पट्ट्यात दुखते. धावायला लागल्यावर पाय गरम झाला की ते पुष्कळदा कमी होते. रुग्ण ते तळहात फिरवून दाखवितो. दुसरे म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. ते धावत राहिल्यावर वाढत जाते, पुढे चालताना व विश्रांतीतही छळते आणि रुग्ण ते एका बोटाने दाखवितो. त्या जागी वैद्याने अंगठा दाबला की रुग्ण पाय मागे घेतो. या तपासणीला अर्धे मिनिट लागते. त्या सोमवारी ते अर्धे मिनिट आम्ही बाईंना दिले नाही. आता या विभागात धावण्याशी संबंधित प्रत्येक दुखण्यासाठी केसपेपरवर तीन प्रश्न छापून घेतले आहेत : बोटाने दाखविता येते का, गेल्या दोन महिन्यांत धावणे किती वाढले, आणि स्त्री रुग्ण असल्यास पाळी नियमित आहे का.

तिसऱ्या प्रश्नाचे आश्चर्य वाटेल. बाईंची पाळी चार महिन्यांपासून चुकत होती. वयाचा परिणाम, असे समजून त्यांनी ते कोणास सांगितले नव्हते. रक्ततपासणीत ड जीवनसत्त्व आणि शरीरातील लोहाचा साठा, दोन्ही कमी निघाले. आहारतज्ज्ञांनी आठवड्याचा हिशोब मांडला तेव्हा चित्र स्पष्ट झाले. पहाटे साडेचारला रिकाम्या पोटी धावणे, मग घाईत चहा, दुपारी शाळेत डबा, आणि सोमवार, गुरुवार व चतुर्थीचे उपवास. धावणे दुपटीहून अधिक झाले, जेवण होते तेवढेच राहिले. शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेतून व्यायामाचा खर्च वजा केल्यावर उरणारी शिल्लक फार कमी पडली, तर शरीर काटकसर करू लागते. पाळी थांबविते, हाड भरण्याचे काम मंदावते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुषांतही आढळते हे स्पष्ट केले. अन्न भरपूर मिळणाऱ्या घरातही ही उपासमार होते, आणि ती करणाऱ्याला आपण आरोग्य कमावीत आहोत असेच वाटत असते.

बरे होण्याचा काळ

बाईंचा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, मुंबईला धावता येईल ना?" शर्यत पाच आठवड्यांवर होती. नाही, असे स्पष्ट सांगावे लागले. त्या गप्प बसून राहिल्या. त्या वेळी तेथे उपस्थित असलेल्या आमच्या एका तरुण सहकाऱ्याने समजुतीच्या सुरात म्हटले, "बाई, या वयात कशाला हे? चालत जा, पुरे आहे." बाई उठून निघून गेल्या आणि दहा दिवस फिरकल्या नाहीत. हे वाक्य आमच्या व्यवसायात फार सहज उच्चारले जाते, म्हणून ते येथे मुद्दाम नोंदवीत आहोत. ज्या धावण्याने या स्त्रीची साखर आटोक्यात आणली, तेच सोडून देण्याचा सल्ला आम्ही देत होतो. दुखापत धावण्याने झाली हे खरे, परंतु ती धावण्याच्या घाईने झाली होती. भौतिकोपचार विभागातील ताईंनी फोन करून त्यांना परत बोलाविले, तेव्हा उपचार खऱ्या अर्थाने सुरू झाले.

सुदैवाने बाईंची भेग ज्या जागी होती ती जागा भरून येण्यास अनुकूल असते. शस्त्रक्रिया लागली नाही, प्लास्टरही नाही. पहिले दोन आठवडे काठीचा आधार. सूज उतरविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या बंद केल्या, कारण वेदना हीच आमची मोजपट्टी होती. तिसऱ्या आठवड्यापासून जागच्या जागी फिरणारी सायकल आणि मांडी व कंबरेचे व्यायाम. जलतरण तलावात कमरेला तरंगता पट्टा बांधून, तळाला पाय न टेकविता, पाण्यात धावण्याचा व्यायामही दिला. त्याने दम टिकून राहतो. नऊवारी नेसलेल्या एका आजींनी काठावरून पाहून, या बाई बुडत आहेत की काय अशी चौकशी केल्याचे बाई अजून हसून सांगतात.

सहाव्या आठवड्यात अंगठा दाबल्यावर दुखेनासे झाले. तेथून पोटरीच्या व्यायामांना आरंभ झाला. प्रथम बसून टाचा उचलणे, मग उभे राहून, मग पायरीच्या कडेवर एका पायाने. रुग्णांना हा व्यायाम फार क्षुल्लक वाटतो. परंतु सबळ पोटरी नडगीच्या वाकण्याला आवर घालते, आणि धावणाऱ्याच्या पोटऱ्या दिसतात तेवढ्या सबळ नसतात. पाऊण तास न दुखता चालता येऊ लागल्यावर, नवव्या आठवड्यात, मातीच्या मैदानावर एक मिनिट धावणे आणि चार मिनिटे चालणे सुरू झाले, तेही एक दिवसाआड. दोन खांबांपासून सुरुवात केलेल्या बाई पुन्हा खांबांवर आल्या. सलग पाच किलोमीटर धावण्यास एप्रिलचा मध्य उजाडला.

आहाराच्या बाबतीत आम्ही उपवास सोडण्यास सांगितले नाही. उपवासाचा दिवस हाच विश्रांतीचा दिवस ठरविला, त्यामुळे व्रतही राहिले आणि हाडालाही सवड मिळाली. इतर दिवशी घराबाहेर पडण्यापूर्वी केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू. जेवणात नाचणी वाढविली. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते आणि ती आपल्या डोंगरी भागात परंपरेने पिकते. ड जीवनसत्त्व औषधरूपाने द्यावे लागले. सूर्यप्रकाश भरपूर असूनही आपल्याकडे त्याची उणीव सर्रास आढळते. अमेरिकी नौदलातील ५२०१ महिला प्रशिक्षणार्थींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात स्ट्रेस फ्रॅक्चरचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले होते. मे महिन्यात बाईंची पाळी नियमित झाली. आमच्या मते बरे होण्याची खरी खूण ती होती.

धावणे किती वाढवावे, हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक नियम धावणाऱ्यांत रूढ आहे. नियम समंजस आहे, मंत्र नव्हे. नेदरलंड्समधील ग्रोनिंगेन येथे नवख्या धावणाऱ्यांवर केलेला एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना दहा टक्क्यांच्या धोरणाने तेरा आठवड्यांचा हळुवार कार्यक्रम दिला, निम्म्यांना नेहमीचा आठ आठवड्यांचा. दोन्ही गटांत साधारण पाचांतील एक जण जखमी झाला. बुटांच्या बाबतीतही असेच आहे. बाईंनी नवे महाग बूट घ्यावेत का असे विचारले, तेव्हा झिजलेले बदलावेत, पायाला सुखाचे घ्यावेत, बुटाने हाड वाचते असे मात्र समजू नये, एवढेच आम्ही सांगितले. बाईंना दिलेला नियम साधा होता. तीन आठवडे थोडे वाढवायचे, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, अंतर किंवा चढउतार.

शर्यतीच्या दिवसाविषयी दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या जिवावर बेतू शकतात. शर्यतीपूर्वी किंवा शर्यतीत सूज उतरविणाऱ्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. घामाने शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. दुसरे म्हणजे, पाणी कमी पडू देऊ नये तसेच ते भरमसाट पिऊही नये. अति पाण्याने रक्तातील सोडियम उतरून मेंदूला सूज येऊ शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचे सोडियम प्रमाणापेक्षा कमी आढळले होते. हळू धावणारा नवखा माणूस प्रत्येक टेबलापाशी थांबून पाणी पितो, म्हणून हा धोका त्यालाच अधिक. तहान लागेल तसे प्यावे.

२०२४ च्या साताऱ्याच्या शर्यतीत बाई पुन्हा धावल्या. घाट चढताना त्यांना आमच्यापैकी दोघांनी पाहिले. त्या चालत होत्या. उतरणीवरही त्यांनी आखूड पावले टाकली, कारण उतारावर लांब ढांग टाकली की टाचेपाशी पाय थांबतो आणि सगळा धक्का नडगी व गुडघ्यावर येतो. गेल्या खेपेपेक्षा अकरा मिनिटे अधिक लागली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईची पूर्ण मॅरेथॉन त्यांनी साडेपाच तासांहून थोड्या अधिक वेळात पुरी केली. दुसऱ्या दिवशी त्या जिना उलट्या उतरत होत्या, असे त्यांच्या यजमानांनी सांगितले. दुखणे मांड्यांचे होते, नडगीचे नव्हते.

विश्वस्तांच्या शंकेविषयी

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. सैन्यभरतीतही धाव असते. भरतीची जाहिरात निघाली की आमच्या जिल्ह्यातील दुष्काळी भागांतील मुले-मुली सकाळ-संध्याकाळ डांबरी रस्त्यावर धावू लागतात. पायांत कॅनव्हासचे बूट, कधी तेही नसतात. काल शेतात किंवा हॉटेलात काम करणारा मुलगा आज दोन वेळा धावतो आणि जेवतो पूर्वीइतकेच. बाईंच्या हाडाला जे झाले तेच त्यांच्या हाडाला होते. फरक असा की, बाईंना शर्यत पुढच्या वर्षी होती. या मुलांची वयोमर्यादा संपत आलेली असते, म्हणून ती दुखणे लपवितात.

एक मुलगा जांघेत दुखते म्हणून आमच्याकडे आला तेव्हा दुखण्याला महिना झाला होता. जांघेतील असे दुखणे खुब्याच्या हाडाच्या मानेतील भेगेचे असू शकते. ती भेग पुढे सरकून हाड निखळले तर तरुण वयात खुबा कायमचा निकामी होण्याचे भय असते. त्याला उभेही राहू न देता त्याच दिवशी दाखल करून घेतले आणि स्क्रू बसवून हाड वाचविले. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखावयाच्या असतात. त्या मुलाचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून झाला. तो भरतीत उतरू शकला नाही. आज तो चालतो, मोटारसायकल चालवितो आणि एका गोदामात हिशोब लिहितो.

ज्यांच्या घरी भरतीची तयारी करणारी मुले आहेत, त्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे : मांडीच्या सुरुवातीस किंवा जांघेत दुखत असेल, नडगीच्या पुढच्या कडेवर किंवा पावलाच्या वरच्या मध्यभागी एका जागी दुखत असेल, रात्री ठणका लागत असेल, तर गोळी देऊन धावावयास पाठवू नये. या जागांच्या भेगा लवकर भरून येत नाहीत. गुरुवारी दुपारी भौतिकोपचार विभागात अशा मुलांची तपासणी विनामूल्य केली जाते. बाई उपवास असला तरी गुरुवारी तेथे येतात. दोन-तीन मुली त्यांच्यासोबत असतात, आणि त्यांच्या वह्यांत रोजचे अंतर, जेवण व दुखणे लिहिलेले असते. आमच्या डॉक्टरांना त्या वह्यांचा केसपेपरइतकाच उपयोग होतो.

गेल्या वर्षी एका देणगीदारांनी या विभागास धावण्याचे विद्युतयंत्र, म्हणजे ट्रेडमिल, देण्याची तयारी दर्शविली. त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभार मानले आणि विनंती केली की, ती रक्कम भरतीच्या मुलांच्या एम.आर.आय.साठी राखून ठेवू द्यावी. एका तपासणीस काही हजार रुपये लागतात आणि तेवढ्यासाठीच ही मुले तपासणी टाळतात. देणगीदारांनी तत्काळ संमती दिली. त्या निधीचा हिशोब परिशिष्टात स्वतंत्रपणे दिला आहे.